मर्टल म्हणून आणली, सदाफुलीची बहीण निघाली



२०१९ च्या सप्टेंबरात, रोश हशानाच्या आधी, आम्ही दोघं न्यू जर्सीतल्या ह्या नव्या घरात राहायला आलो. नवं घर म्हटलं की मालिदा आलाच. पोहे, गूळ, नारळ, पाच फळं, सगळं इंडियन ग्रोसरीत मिळालं. अडलं ते सुवासाच्या बेराख्यापाशी. आपल्याकडे ताटात सब्जाची डहाळी ठेवायची पद्धत. कोणी हदास ठेवतं, काहीच नाही मिळालं तर गुलाब. आमचा कुंडीतला सब्जा सामान हलवताना मोडला होता. तेव्हा म्हटलं, हदास आणू या. हदासला इंग्रजीत मर्टल म्हणतात एवढं आम्हांला ठाऊक होतं. जवळच्या एका नर्सरीत गेलो आणि "मर्टल आहे का?" म्हणून विचारलं. तिथल्या मुलाने मान हलवली आणि दोन ट्रे गाडीत ठेवून दिले. मिळून ६४ रोपं. आम्ही म्हटलं, अरे वा, इथे तर हदासची शेतीच आहे!

घरी आल्यावर आमच्या नातीने एक पान चुरडून नाकाला लावलं. "आजी, ह्याला वासच नाही!" आम्हीही चुरडून पाहिलं. खरंच, नुसता गवतासारखा हिरवा वास. मालिद्याला शेवटी गुलाबच ठेवला. पण त्या ६४ रोपांचं काय करायचं? ते करता करता आम्ही गेल्या काही वर्षांत जे शिकलो ते आज सांगतो आहोत. आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगणात हीच वेल आहे, पण नाव माहीत नाही, आणि पाणी किती घालायचं तेही माहीत नाही.

एक नाव, तीन झाडं

अमेरिकेत मर्टल हे नाव निदान तीन वेगळ्या झाडांना देतात. पहिलं खरं हदास, शास्त्रीय नाव मिर्टस कम्युनिस. भूमध्य समुद्राच्या काठचं हे झुडूप. सुक्कोथला लुलावबरोबर बांधतो ते हेच, आणि एस्तेर राणीचं दुसरं नाव हदस्सा, तेही ह्याच्यावरूनच. ह्याला कडक थंडी सोसत नाही. न्यू जर्सीत कुंडीत लावायचं आणि हिवाळ्यात घरात घ्यायचं.

दुसरं क्रेप मर्टल. उन्हाळ्यात गुलाबी-जांभळ्या झुपक्यांनी भरून जाणारं लहान झाड. हदासशी ह्याचं जवळचं नातं नाही, पण आपल्याशी आहे. महाराष्ट्राचं राज्यपुष्प तामण, ज्याला जारूळही म्हणतात, ते ह्याच्याच कुळातलं. दोघांच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्द एकच, लॅगरस्ट्रोमिया.

तिसरी आमच्या ट्रेमधली. क्रीपिंग मर्टल, पेरिविंकल किंवा व्हिन्का. शास्त्रीय नाव व्हिन्का मायनर. ही जमिनीवर पसरणारी, वर्षानुवर्षं जगणारी, बारा महिने हिरवी राहणारी वेल. आणि गंमत पाहा, ही आपल्या सदाफुलीची बहीण! लिनिअसने सदाफुलीला व्हिन्काच म्हटलं होतं. पुढे शास्त्रज्ञांनी सदाफुलीला वेगळं नाव दिलं, कॅथरँथस. पण नर्सरीवाले अजूनही सदाफुलीच्या रोपांना व्हिन्का म्हणूनच विकतात. म्हणून मे महिन्यात व्हिन्का आणायला गेलात, तर हातात सदाफुली येईल आणि पहिल्या हिमाला मरेल. डब्यावरचं शास्त्रीय नाव वाचून घ्यावं. चष्मा न विसरता न्यावा, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

बाळांनो, ओळखायची खूण तुमच्यासाठी. लुलावबरोबरच्या चांगल्या हदासची पानं एका जागेवरून तीन-तीन निघतात. चुरडलं की सुवास येतो. व्हिन्काची पानं समोरासमोर, दोन-दोनच. चुरडलं तर सुवास नाही. आणि हो, चुरडायचं पण चावायचं मुळीच नाही. सदाफुली आणि व्हिन्का दोन्ही विषारी आहेत. सदाफुलीपासून काढलेल्या व्हिन्क्रिस्टिन नावाच्या औषधाने १९६० च्या दशकापासून रक्ताचा कर्करोग झालेल्या कितीतरी मुलांचे प्राण वाचवले आहेत. पण ते औषध डॉक्टरांच्या हातातलं, अंगणातलं नव्हे. हात लावलात तर साबणाने धुवा.

कुठे लावायची, कशी लावायची

आमच्या मागच्या अंगणात एक मोठा मेपल आहे. त्याच्याखाली गवत काही केल्या टिकत नव्हतं. सावली दाट, आणि मेपलची मुळं अगदी वर-वर पसरलेली. ती सगळं पाणी पिऊन टाकतात. तिथे ही वेल लावायची ठरवली. १० फूट लांब, ६ फूट रुंद असा तुकडा आखला.

व्हिन्काला सावली किंवा सकाळचं कोवळं ऊन आवडतं. दुपारच्या कडक उन्हात पानं पिवळी पडतात. जमीन भुसभुशीत हवी, पाणी निचरणारी, थोडी आम्लधर्मी चालते. थंडीचं म्हणाल तर अमेरिकेच्या शेती खात्याच्या नकाशातल्या ४ ते ८ ह्या पट्ट्यांत ती नीट जगते. हा नकाशा आधी २०१२ मध्ये आणि नंतर २०२३ मध्ये नव्याने काढला. मध्य न्यू जर्सीचा बराचसा भाग ७ मध्ये येतो. टेक्सास-फ्लोरिडाकडच्या मंडळींना ती इतकी सोपी जात नाही.

लावायला सप्टेंबर किंवा वसंत ऋतू चांगला. झाडाखाली लावताना फावडं घेऊन सगळं खणायचं नाही, मोठी मुळं तुटतात. वर मातीचा जाड थरही घालायचा नाही, झाड गुदमरतं. खुरप्याने मुळांच्या मधेमधे लहान खड्डे करायचे, मूठभर कंपोस्ट घालायचं आणि फूट-फूट अंतरावर एक-एक रोप. आमच्या ६० चौरस फुटांना ६४ रोपं बरोबर पुरली. मधल्या मोकळ्या जागेत दोन इंच सालपटांचं आच्छादन घातलं, म्हणजे ओल टिकते आणि तण कमी येतं. गुडघे दुखत असतील त्यांनी उलट्या बादलीवर उशी ठेवून बसावं.

वेलीची उंची चार-सहा इंचांच्या वर जात नाही. ती लांब-लांब फांद्या जमिनीवर टाकते आणि जिथे पेर मातीला टेकतं तिथे मूळ धरते. एप्रिल-मेमध्ये निळसर जांभळी फुलं येतात, पाच पाकळ्यांची, भिरभिऱ्यासारखी. सदाफुली पाहिलेल्याला लगेच ओळख पटते. हरणंसुद्धा तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि न्यू जर्सीत ही लहान गोष्ट नाही.

पाण्याने मारलं

आता आमची चूक. पहिलं पानगळीचं ऋतुमान छान गेलं, हिवाळा पार पडला, एप्रिलमध्ये फुलं आली. मग २०२० चा वसंत आला. घराबाहेर जायची बंदी. करायचं काय? रोज संध्याकाळी पाइप हातात घ्यायचा आणि वेलीवर पाऊस पाडायचा. झाडाला पाणी घालणं म्हणजे पुण्य, हे लहानपणापासून मनात बसलेलं. कोकणात वाडीला शिंपणं असायचं, शेजारच्या काकू सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घालायच्या, आपल्या घरी कुंड्यांना कळशी रिकामी व्हायची. पाणी घातलं की माया केली असं वाटतं.

मे महिन्याच्या शेवटी मधल्या भागातल्या फांद्या काळ्या पडून माना टाकू लागल्या. आम्हांला वाटलं तहानली, म्हणून आणखी पाणी घातलं. पंधरा दिवसांत निम्मी वेल आडवी. ही फोमा नावाची बुरशी. व्हिन्काचा हा नेहमीचा रोग. पानं-फांद्या रात्रभर ओल्या राहिल्या की ती फोफावते, आणि वरून मारलेल्या पाण्याच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरते. म्हणजे आम्ही रोज संध्याकाळी रोगच वाटत होतो.

मग काळ्या फांद्या जमिनीलगत कापल्या, पिशवीत बांधून फेकल्या, दरवेळी कात्री स्पिरिटने पुसली. वरून पाणी बंद केलं. जी निम्मी वेल वाचली तिच्या मुळं धरलेल्या फांद्या कापून रिकाम्या जागी लावल्या. दुसऱ्या वर्षाअखेर तुकडा पुन्हा भरला.

तेव्हा बसून विचार केला, की आमची पाण्याची अक्कल चुकली कुठे? वाचकहो, ती कोकणातली अक्कल होती. अलिबागला जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि मग पुढच्या जूनपर्यंत आभाळ कोरडं. तिथे आठ महिने माणसाने पाणी घातलं नाही तर कोवळं झाड मरतं. न्यू जर्सीचा पाऊस निम्म्याच्या जवळपास, वर्षाला साधारण ४६ इंच, म्हणजे सुमारे ११७० मिलिमीटर. पण तो बाराही महिने वाटून येतो. ४६ ला ५२ आठवड्यांनी भागा. आठवड्याला इंचाला थोडंसं कमी. नव्या लावलेल्या व्हिन्काला आठवड्याला एक इंचच पाणी लागतं. म्हणजे बहुतेक आठवड्यांत आभाळच तिचं पोट भरतं. आपण भरून काढायचा तो फक्त कमी पडलेला वाटा.

एक इंच म्हणजे किती?

हा हिशोब मुलांनी करावा, आजी-आजोबांनी तपासावा. एक चौरस फूट जमिनीवर एक इंच पाणी म्हणजे ०.६२ गॅलन. आमचे ६० चौरस फूट, म्हणजे ३७ गॅलन. दुधाचे मोठे कॅन मोजा, ३७ कॅन. हे एका दिवसात नाही, आठवड्यात दोनदा मिळून. आणि पाऊस पडला असेल तर तेवढं वजा करायचं. अर्धा इंच पडला तर निम्मंच पाणी.

पाऊस मोजायला दोन-चार डॉलरची नळी मिळते, ती काठीला बांधा. स्प्रिंकलर असेल तर टूना माशाचे रिकामे डबे दोन-तीन जागी ठेवा. डब्यात इंचभर पाणी साचायला किती मिनिटं लागली ते घड्याळात पाहा, म्हणजे पुढच्या वेळी अंदाज नको. आम्ही आता झिरपणारा पाइप वेलीखाली अंथरला आहे. पाणी थेट मातीत जातं, पानं कोरडी राहतात.

पाणी सकाळी घालायचं, म्हणजे ओली झालेली पानं दिवसभरात वाळतात. रोज थोडं-थोडं घातलं तर मुळं वरच राहतात आणि पहिल्या उन्हात करपतात. क्वचित पण भरपूर घातलं तर मुळं पाण्यामागे खाली जातात. घालण्याआधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओल लागली तर पाइप ठेवून द्या. पानं मलूल दिसली म्हणून लगेच धावायचं नाही, आधी बोट. माती ओली असून पान मलूल असेल तर तो तहानेचा नव्हे, मुळाचा किंवा बुरशीचा आजार.

आमचे वार ठरलेले आहेत, मंगळवार आणि शुक्रवारची सकाळ. शाब्बाथला झाडांना पाणी घालायचं नसतं, तो पेरणीच्या कामातच धरला जातो. शुक्रवारी नीट खोलवर पाणी दिलं की शनिवारी वेलीलाही विसावा आणि आपल्यालाही. ज्यांच्या पणजोबांनी शनिवारी घाणा थांबवला आणि त्यावरून गावाने ज्यांना शनवार तेली म्हटलं, त्यांना हे काही वेगळं समजावून सांगायला नको.

हे सगळं पहिल्या वर्षाचं. दुसऱ्या वर्षी तीन आठवडे पाऊस नसेल तेव्हाच पाणी. तिसऱ्या वर्षापासून वेल आपल्या पायावर उभी राहते. खूप कोरडा काळ आला तरच मदत करायची. पानगळ कोरडी गेली असेल तर जमीन गोठण्याआधी एकदा भरपूर पाणी द्यावं. पानं बारा महिने हिरवी असल्यामुळे हिवाळ्यातल्या वाऱ्यातही तिचं पाणी उडत असतं. मेपलची पडलेली पानं मात्र वेलीवर ओल्या गोधडीसारखी राहू देऊ नयेत, हलक्या हाताने काढावीत.

ह्याची परीक्षा २०२४ च्या ऑक्टोबरात झाली. १८९५ पासून न्यू जर्सीतल्या पावसाच्या नोंदी आहेत, त्यातला तो सर्वांत कोरडा महिना. बऱ्याच ठिकाणी मोजण्याएवढाही पाऊस पडला नाही. सुक्कोथच्या आठवड्यात सुक्क्यावर थेंब नाही. नोव्हेंबरात राज्याने दुष्काळाचा इशारा दिला. शेजाऱ्यांची हिरवळ गवताच्या गंजीसारखी पिवळी झाली. आम्ही त्या सबंध महिन्यात वेलीला दोनदाच पाणी दिलं, आणि ती तग धरून राहिली. पाच वर्षांपूर्वी रोज पाणी पिऊन मरायला टेकलेली हीच वेल.

हद्द आपण आखायची

आता दुसरी बाजू. जी वेल पेरापेराला मूळ धरते ती कुंपण ओळखत नाही. व्हिन्का इथली नाही. ती मध्य आणि दक्षिण युरोपातली, १७०० च्या शतकात वसाहतवाल्यांबरोबर शोभेसाठी इकडे आली. बी तिला क्वचितच धरतं, पण छाटलेली फांदी जंगलाच्या कडेला फेकली तरी पुरे, ती रुजते आणि चटईसारखी पसरते. मग वसंतात उगवणारी इथली लहान रानफुलं तिच्याखाली दबून जातात. पूर्वेकडच्या कित्येक राज्यांत तिची गणना आक्रमक झाडांत होते.

जंगलात जुनी घरं कोसळून गेली, चौथरेसुद्धा मातीत गेले, तरी दारापुढची व्हिन्का अजून तिथे आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरीतल्या लोकांना दगडाविना, नावाविना पुरलं. त्या कबरी शोधणारे अभ्यासक रानात ह्या वेलीची चटई कुठे दिसते ते पाहतात. कोणीतरी आपल्या माणसासाठी लावलेली ती वेल हीच तिथली खूण. नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या बुडालेल्या पूर्वजांना दोन उंचवट्यांखाली पुरलं असं आपण ऐकत आलो. त्या उंचवट्यांवरही नावं नव्हती.

म्हणून आम्ही काय करतो? तुकड्याभोवती सहा इंच खोल पट्टी पुरली आहे. पेसाहच्या आधी एकदा आणि सुक्कोथनंतर एकदा, वर्षातून दोनदा, कडेने फिरून बाहेर आलेल्या फांद्या कापतो. कापलेलं सगळं काळ्या पिशवीत उन्हात वाळवतो, मगच टाकतो. रानात, ओढ्याकाठी, शेजारच्या रिकाम्या जागेत कधीही नाही. आणि ज्यांचं अंगण जंगलाला लागून आहे त्यांनी व्हिन्का लावूच नये, असं आमचं स्पष्ट मत झालं आहे. सावलीसाठी इथलीच झाडं पुष्कळ आहेत. फोमफ्लॉवर, इथलं रानटी आलं म्हणजे वाइल्ड जिंजर, पेनसिल्व्हेनिया सेज नावाचं बारीक गवत, आणि पार्ट्रिजबेरी. पाण्याचा नियम ह्यांनाही तोच. पहिल्या वर्षी काळजी, मग सोडून द्यायचं.

मावशींसाठी

आमच्या मावशी २०२१ मध्ये गेल्या. त्यांना इथेच, न्यू जर्सीतल्या कबरस्तानात ठेवलं. ओकच्या झाडाखालची जागा. पहिल्या वर्षाच्या तेफिलेला गेलो तर कबरीवर नुसती माती, गवताचं पातं नाही. मावशींची मुलं कॅलिफोर्नियात. आमचं गाडी चालवणं आता दिवसाउजेडीच. फुलं ठेवायची आपली पद्धत नाही, आपण दगड ठेवतो. पण उघडी माती बघवेना.

आमच्या मनात अर्थातच व्हिन्का होती. सावलीत वाढते, पाणी मागत नाही, घरी फुकट आहे. कबरस्तानाच्या ऑफिसात विचारलं. (प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात, विचारल्याशिवाय काहीही लावू नये.) ते म्हणाले, दगडी चौकटीच्या आत बसकं झाड चालेल, पण चौकट ओलांडणारं नको. तेव्हा नात म्हणाली, "नाना, आपली वेल तर ओलांडणारच. आणि पलीकडे जंगल आहे." पोरीने बरोबर पाहिलं होतं. कबरस्तानाच्या भिंतीपलीकडे ओढा आणि दाट झाडी. मावशींच्या नावाने आम्ही त्या रानात व्हिन्का सोडली असती तर मावशींनाच आवडलं नसतं.

२०२३ च्या एप्रिलमध्ये तिथे पार्ट्रिजबेरी लावली. इथल्याच रोपांची पैदास करणाऱ्या नर्सरीतून आणली, रानातून उपटून नव्हे. ही दोन इंचांहून उंच होत नाही, बारा महिने हिरवी, हळूहळू सरकते. बाळांनो, हिची एक मौज आहे. पांढरी फुलं जोडीने येतात, आणि दोन फुलांचं मिळून एकच लाल फळ होतं. फळावर दोन ठिपके दिसतात, एकेका फुलाचा एकेक. हिवाळ्यात बर्फ बाजूला केलं की खाली ती फळं तशीच लाल.

कबरीची चौकट १५ चौरस फूट. म्हणजे आठवड्याला ९ गॅलन, आणि ९ गॅलन पाण्याचं वजन ७५ पौंड. ते कोण उचलणार? नळ शंभर पावलांवर. आम्ही अर्ध्या-अर्ध्या गॅलनच्या बाटल्या भरून नेत होतो. पुतण्याच्या घरच्यांशी पाळ्या लावल्या. एक मंगळवार आमचा, एक रविवार त्यांचा. पाऊस झाला त्या आठवड्यात सुट्टी. पहिला उन्हाळा असा काढला. कधी एका खेपेत दम लागायचा, तेव्हा बाकावर बसून मावशींच्या आठवणी निघायच्या. त्या आम्हांला म्हणायच्या, "माझ्यासाठी धावपळ करू नका." आम्ही ऐकलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात निम्म्याच खेपा. २०२४ च्या त्या कोरड्या ऑक्टोबरात मात्र पुन्हा बाटल्या काढल्या, रोपं अजून कोवळी होती. काही कडेची वाळली, बाकीची राहिली. २०२५ च्या सबंध उन्हाळ्यात एकदाच पाणी घातलं. सुक्कोथनंतर गेलो तर चौकटीच्या चारही कोपऱ्यांपर्यंत हिरवं झालं होतं, आणि चौकटीबाहेर काही नव्हतं. नातीने दगड आणला होता. तो तिने पानांवर न ठेवता वरच्या शिळेवर ठेवला, पानं दबू नयेत म्हणून.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. कबरस्तानात उगवलेलं गवत-पाला आपल्या फायद्यासाठी न्यायचा नाही, मृतांचा मान म्हणून. तेव्हा तिथली छाटणी घरी आणून लावू नये. घरून तिकडे नेलं तर चालतं, तिकडून घरी नाही.

थोडक्यात

नाव विचारून नव्हे, शास्त्रीय नाव वाचून रोप घ्या. पहिल्या वर्षी पावसासकट आठवड्याला एक इंच पाणी, सकाळी, मुळाशी, दोनदा. घालण्याआधी बोट मातीत. दुसऱ्या वर्षी निम्मं, तिसऱ्यापासून गरजेपुरतं. हद्द आखा, वर्षातून दोनदा कडा कापा, छाटणी रानात टाकू नका. मुलांना पान चावू देऊ नका.

आणि मालिद्याचं? त्याची सोय अगदी सोपी निघाली. इंडियन ग्रोसरीत फालुद्याचा सब्जा मिळतो ना, त्याचंच चिमूटभर बी मे महिन्यात कुंडीत टाका. सब्जा हिवाळ्यात टिकत नाही, दरवर्षी नवा पेरावा लागतो. पण उन्हाळाभर हात लावला की आपल्या घरचा वास येतो. आमच्या दाराशी सब्जाची कुंडी, मागे मेपलखाली सदाफुलीची बहीण. मालिद्याला कोणी आलं तर दोन्ही दाखवतो, आणि जाताना सब्जाची डहाळी देतो. व्हिन्काची फांदी मागितली तर आधी विचारतो, "तुमच्या घरामागे जंगल आहे का?"

सर्वांना शालोम.